लोकप्रिय मालिका बंद का पडतात : १९७१ चे एक उदाहरण

प्रेक्षक घटले म्हणजे मालिका बंद पडते, हा समज अपुरा होय. १९७१ मध्ये अमेरिकेतील सी. बी. एस. या दूरचित्रवाणी संस्थेने ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’, ‘ग्रीन एकर्स’ व ‘मेबेरी आर. एफ. डी.’ या ग्रामीण विनोदी मालिका एकाच वर्षी गुंडाळल्या. पैकी शेवटची त्या वेळीही पहिल्या वीसांत होती. प्रेक्षक होते, परंतु ते बव्हंशी वयस्क व खेड्यांतले. जाहिरातदारांना हवा होता तो शहरी तरुण ग्राहक. डोक्यांऐवजी खिसे मोजले जाऊ लागले, असे म्हणावयास हरकत नाही. डोंगराळ दक्षिणी बोलीच्या विनोदाची जागा ‘ऑल इन द फॅमिली’तील न्यूयॉर्कच्या बोलीने घेतली. तथापि त्याच वर्षी वगळलेला ‘ही हॉ’ हा ग्रामीण गीतविनोदाचा कार्यक्रम स्थानिक केंद्रांवरून पुढे सुमारे वीस वर्षे चालला.