नृत्यव्यायाम-चित्रफीत

नृत्यव्यायाम-चित्रफीत : संगीताच्या ठेक्यावर नृत्याची पावले सलग करवून घेऊन हृदय व फुप्फुसे यांना व्यायाम देणारी, घरी पडद्याकडे पाहून करावयाची चित्रित तासिका. क्रम बहुधा ठरलेला असतो : अंग मोकळे करणे, चढत्या गतीची पावले, जमिनीवरचे पोटाचे व मांड्यांचे व्यायाम आणि शेवटी सावकाश ताण. कॅसेट, डीव्हीडी, यूट्यूब अशी साधने बदलली. तरी या प्रकाराची घडण एका उणिवेने ठरवली आहे. शिकणाऱ्याला शिक्षिका दिसते, पण शिक्षिकेला शिकणारा दिसत नाही. ही उणीव भरून काढण्याच्या खटपटींतूनच या चित्रफितीचे बहुतेक विशेष घडले.

उगम : अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये आले. पुढच्याच वर्षी दोन नर्तकींनी स्वतंत्रपणे त्यातील हृदय-फुप्फुसांच्या व्यायामाची कल्पना नृत्याशी जोडली : पोर्तो रिकोतील हवाई तळावर जॅकी सोरेन्सन यांनी आणि शिकागोजवळच्या इव्हान्स्टनमध्ये जूडी शेपर्ड मिसेट यांनी. पहिलेपणाचा मान दोघींनाही दिला जातो. मिसेट यांच्या जॅझ नृत्यवर्गातून विद्यार्थिनी गळत होत्या. त्यांना व्यावसायिक नर्तकी व्हायचे नव्हते. नर्तकीसारखा बांधा मात्र हवा होता. मिसेट यांनी त्यांना आरशाकडे पाठ करायला लावली व स्वतः समोर उभ्या राहिल्या. यातूनच ‘जॅझरसाइझ’ हा नृत्यव्यायाम उभा राहिला. वर्गात हा बदल सोयीचा होता, कारण स्वतःकडे पाहणे सुटले तरी मिसेट यांची नजर होती. चित्रफितीने समोरची शिक्षिका तेवढी उचलली, नजर मागे राहिली.

जेन फोंडा : ‘द चायना सिंड्रोम’च्या चित्रीकरणात पाय मोडल्याने अभिनेत्री जेन फोंडा यांचा बॅलेचा सराव थांबला व त्या लेनी कॅझ्डन यांच्या व्यायामवर्गाला जाऊ लागल्या. १९७९ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये स्टुडिओ, १९८१ मध्ये पुस्तक आणि १९८२ मध्ये ‘जेन फोंडाज वर्कआउट’ ही कॅसेट निघाली. व्यायामक्रमाचे श्रेय कॅझ्डन यांना कितपत द्यावे, याविषयी एकवाक्यता नाही. कॅसेटची किंमत ५९.९५ डॉलर होती. फोंडांच्या सर्व कॅसेटींच्या मिळून १ कोटी ७० लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. येथे महत्त्वाचे ते पहिल्या कॅसेटचे दोन भाग : नवशिक्यांसाठी एक, सरावलेल्यांसाठी दुसरा. वर्गात शिक्षिका कोणाला थांबवायचे ते बघून ठरवते. कॅसेटमध्ये ती निवड शिकणाऱ्याकडे आली.

तंत्र : ‘ग्रेपव्हाइन’ हे पाऊल घ्यावे. उजवा पाय बाजूला, डावा त्याच्यामागून, पुन्हा उजवा बाजूला, चौथ्या मात्रेला डावा टेकवून टाळी. समोरची शिक्षिका ‘उजवीकडे’ म्हणते व स्वतः डावीकडे सरकते, म्हणजे पाहणाऱ्याला आरशात पाहिल्यासारखे वाटते. पुढच्या पावलाची सूचना ती दोन ते चार मात्रा आधी देते. उशीर झाला तर पाहणाऱ्याचा पाय चुकलेलाच असतो. पावले आठ-आठ मात्रांच्या गटांत बांधतात, त्यामुळे चुकलेल्याला पुढच्या ‘एक’ला पुन्हा सामील होता येते. मागे उभ्या सहकाऱ्यांपैकी एकजण तेच पाऊल उडी न मारता दाखवते. हे सारे न दिसणाऱ्या माणसाची चूक आधीच गृहीत धरून केलेले आहे.

दुखापती : सततच्या उड्यांमुळे नडगी, घोटे व गुडघे दुखावू लागल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यास एक पाऊल सदैव जमिनीवर ठेवणारा सौम्य प्रकार रूढ झाला, फोंडांची तशी कॅसेट १९८६ ची. नाडी मोजायला लावणे, धाप लागली तरी बोलता येते का ते पाहायला सांगणे हेही उपाय नजरेच्या ऐवजीच आले. कोलंबियाच्या बेतो पेरेस यांच्या ‘झुंबा’ने तिसरी वाट धरली : गणती व सूचना कमी, पाऊल चुकले तरी चालेल. त्याने संकोच जातो, पण वळणाऱ्या गुडघ्याचा धोका जात नाही.

आक्षेप : पुस्तकालाही डोळे नसतात, मग चित्रफितीचेच वैशिष्ट्य काय, असे विचारता येईल. पुस्तक वाचणारा आपल्या गतीने चालतो. चित्रफितीचा ठेका थांबत नाही आणि दमलेले शरीर त्यामागे ओढले जाते. चित्रफीत थांबवता येते हे खरे. पण थांबण्याची गरज ओळखण्यासाठीच सरावलेली नजर लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आता यंत्राला दिसते. ‘जस्ट डान्स’ (२००९) हा व्हिडिओ गेम हातातल्या रिमोटची हालचाल मोजतो, ‘डान्स सेंट्रल’ (२०१०) कॅमेऱ्याने अख्खे शरीर टिपतो. मात्र पहिल्यात हात बरोबर हलला की गुण मिळतात, पाय कुठेही असोत. दुसरा आकृती जुळते का ते पाहतो, गुडघ्यात कळ आली का हे त्याला कळत नाही. २०२० च्या टाळेबंदीतील थेट ऑनलाइन वर्गांत शिक्षिकेला चेहरे दिसले. पण आवाज व चित्र उशिरा पोचत असल्याने कोण तालात आहे हे तिला ठरवता येईना. म्हणून चित्रफितीचा दर्जा तिच्यातील पावलांच्या अवघडपणावर न ठरवता, न दिसणाऱ्या शिकणाऱ्याची तिने किती तरतूद केली आहे यावर ठरवणे योग्य.

महाराष्ट्र : तालावरच्या सामूहिक व्यायामाची येथील शालेय परंपरा वेगळी आहे (पहा : लेझीम).