खेड्यांतला डॉक्टर आणि त्याचा हुद्दा

कडेगांव आज सांगली जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे; १९४९ पूर्वीं तें सातारा जिल्ह्यांत मोडत असे. सह्याद्रीवरचा पाऊस येथवर पोंचतां पोंचतां आटून जातो. जवळच्याच देवराष्ट्रें गांवीं १९१३ सालीं यशवंतराव चव्हाण जन्मले, आणि ते लहान असतांनाच त्यांचे वडील प्लेगनें गेले. त्या काळीं या टापूंत कुणास दुखणें आलें म्हणजे नाडी पाहणारा वैद्य असे, अंगारा देणारा असे आणि तालुक्याच्या दवाखान्यांत सरकारचा एक माणूस असे. लोक त्याला डॉक्टर म्हणत. सरकारी दप्तरांत मात्र तो ‘हॉस्पिटल असिस्टंट’ होता. पुढें विसाव्या शतकांत त्याचा ‘सब-असिस्टंट सर्जन’ झाला.

हा माणूस आला कोठून? मुंबईस १८२६ सालीं डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखालीं देशी विद्यार्थ्यांसाठीं एक वैद्यकशाळा निघाली. शिक्षण मराठी, गुजराती व हिंदुस्थानी भाषांतून मिळे; त्याकरितां मॅक्लेनन यांनीं मराठींत पुस्तकेंहि तयार केलीं. गोऱ्या सर्जनास हाताशीं मदतनीस हवे होते, एवढाच सरकारचा हेतु. १८३२ सालीं ती शाळा बंद पडली. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें; तेथील विद्या इंग्रजींतली. तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधराची दृष्टि शहराकडे. तेव्हां सरकारला मधल्या पायरीच्या माणसाची पुन्हां आठवण झाली आणि पुण्यास व अहमदाबादेस मेडिकल स्कुलें चालूं लागलीं. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिशनचें इस्पितळ काढलें व १८९७ पासून तेथें वैद्यकाची शाळा चालविली. १९१२ नंतर मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचे एल्. सी. पी. एस्. हि या वर्गांत येऊन मिळाले.

या माणसाचें शिक्षण थोडें, पगार त्याहून थोडा, आणि काम मात्र पुऱ्या डॉक्टराचें. हाड बसवावें, गळवें कापावीं, प्लेगची लस टोंचावी, विहिरींत सांपडलेल्या प्रेताची तपासणी करून कोर्टांत साक्ष द्यावी. वर देखरेख साताऱ्याच्या सिव्हिल सर्जनची. पण ती बहुतेक कागदोपत्रीं. साहेबाची फेरी कधींकाळीं येई, रोगी रोज येत. या वर्गाचा खरा दोष शिक्षणाच्या उणेपणांत नव्हता. त्याला एकटें सोडून दिलें होतें आणि वर चढण्याची वाटहि ठेवली नव्हती, हा तो दोष. पदवीधर मंडळी त्याला हलका लेखीत, तें दुःख निराळेंच.

१९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्य-समिति नेमली गेली. भोर हे नाशिकचे. १९४६ च्या त्यांच्या अहवालांत ब्रिटिश हिंदुस्थानांतील नोंदलेले डॉक्टर ४७,५२४ दिले आहेत. पैकीं पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे शंभरांत साठांहून अधिक या मधल्या पायरीवरचे. समितीनें ही पायरीच काढून टाकावी असें ठरविलें. खेडुताला कमी प्रतीचा डॉक्टर कां, हा तिचा प्रश्न उदात्त होता. समितीतील कांहीं सभासद म्हणाले, एवढे पदवीधर तयार होईपर्यंत रोग्यांनीं काय करावें? त्यांची भिन्नमतपत्रिका अहवालांतच राहिली. त्याच १९४६ सालीं पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कुलचें कॉलेज झालें.

पायरी गेली, गरज राहिली. सरकारी मदतीवर खेड्यांत बसणाऱ्या डॉक्टरांचीं केंद्रें मुंबई राज्यांत चालविलीं गेलीं. पुरेशीं तीं कधींच झालीं नाहींत. रशियांत फेल्डशर तर जुनाच होता. अमेरिकेंत ड्यूक विद्यापीठांत १९६५ सालीं डॉ. यूजीन स्टेड यांनीं नौदलांतून परतलेल्या वैद्यकीय शिपायांस घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’ घडविण्यास आरंभ केला. भारतानें जी पायरी मोडली, तीच श्रीमंत देश वीस वर्षांनीं बांधीत होता! मात्र तेथें हा सहाय्यक डॉक्टराशीं बांधलेला होता.

महाराष्ट्रांत १९७० पासून जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनीं निरक्षर बायकांच्या हातीं आरोग्य सोंपवून दाखविलें. १९७५ सालीं श्रीवास्तव समितीनें दिल्लींत पुन्हां मधल्या कार्यकर्त्यांची भाषा केली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यांत ‘सामुदायिक आरोग्य-प्रदाता’ आला: संख्या डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून अधिक नको, स्वतंत्रपणें औषध फक्त प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरतें, एरव्हीं डॉक्टरांची देखरेख हवी. ‘फिजिशियन असोसिएट’ हें नांव २०२१ च्या कायद्यानें मान्य केलें. डॉक्टरांच्या संघटनांनीं १९४६ सालचाच आक्षेप पुन्हां घेतला.

सपाट मुलुखांत ५,००० वस्तीस एक उपकेंद्र धरतात. २०१८ पासून अशा उपकेंद्रांतून सामुदायिक आरोग्य अधिकारी बसूं लागले. महाराष्ट्रांत ते बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर, सहा महिन्यांचें जादा शिक्षण घेतलेले. अडचण पडली तर ते ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरास विचारतात. साताऱ्याच्या साहेबाची जी फेरी कधींकाळीं येई, ती आतां पडद्यावरून येते. ती दर वेळीं येते कीं नाहीं, हें त्या दिवशींच्या विजेवर आणि पलीकडे बसलेल्या डॉक्टराच्या सवडीवर अवलंबून असतें.