आयझेन्स्टाइन आणि त्याचा गुरु

ज्याला आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर म्हणत, त्याला नाटकाचा दुसरा कर्ता मानण्याची पद्धत युरोपांतहि फार जुनी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ होऊं लागली आणि रशियांत तिनें लवकर मूळ धरलें. मॉस्को आर्ट थिएटरचा स्टॅनिस्लाव्ह्स्की, त्याच्या मंडळींतून बाहेर पडलेला मेयरहोल्ड, आणि मेयरहोल्डच्या हाताखालीं शिकून पुढें चित्रपटाकडे वळलेला सर्जी आयझेन्स्टाइन, अशी ही तीन पिढ्यांची परंपरा आहे. आजच्या भाषणाचा विषय यांतील तिसरा पुरुष. परंतु या शिष्याचें चरित्र गुरूला वगळून सांगतां येत नाहीं; त्याच्या शेवटच्या वर्षांत तर तें मुळींच सांगतां येत नाहीं.

आयझेन्स्टाइनचा जन्म १८९८ सालीं रीगा शहरीं झाला. बाप नांवाजलेला स्थापत्यविशारद. दर्शनी भागावर मुखवट्यांची आणि पुतळ्यांची दाटी असलेल्या त्याच्या इमारती रीगांत अजून उभ्या आहेत. मुलानें आपलाच धंदा उचलावा या इच्छेनें त्यानें त्याला पेट्रोग्राड येथें अभियंत्याच्या शिक्षणासाठीं पाठविलें. पण तेथें मुलाला नाटकाचें वेड लागलें. लेर्मोंतोव्हच्या 'मास्करेड' या नाटकाचा मेयरहोल्डनें बसविलेला भव्य प्रयोग १९१७ सालीं, क्रांतीच्या ऐन धुमश्चक्रींत रंगभूमीवर आला होता. त्या प्रयोगाचा ठसा या तरुणाच्या मनावरून कधींच पुसला गेला नाहीं. पुढच्या वर्षीं तो लाल सैन्यांत शिरला. बाप विरुद्ध पक्षाला मिळून अखेर बर्लिनला गेला व तेथेंच वारला.

१९२० सालीं आयझेन्स्टाइन मॉस्कोला आला तो जपानी भाषा शिकण्याच्या इराद्यानें. भाषा अर्ध्यावर राहिली आणि प्रोलेटकल्ट या कामगारांच्या नाट्यसंस्थेंत तो नेपथ्य रंगवूं लागला. १९२१ मध्यें मेयरहोल्डनें दिग्दर्शकांसाठीं शाळा काढली, तिच्यांत त्याचें नांव दाखल झालें. मेयरहोल्डची शिकवण अशी कीं, नटानें मनांत भावना उकरीत बसूं नये. शरीराची हालचाल नेमकी साधली कीं भावना तिच्यामागून येते. आपल्याकडील आंगिक अभिनयाचा विचार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हें फारसें परकें वाटूं नये. आयझेन्स्टाइननें ही विद्या अधाशासारखी आत्मसात केली. पण गुरु मोठा तितकाच मत्सरी. शिष्याचे पंख फुटलेले पाहून मेयरहोल्डच्या पत्नीनें, नटी झिनाईदा राइख हिनें, त्याला एक चिठ्ठी दिली. आपण पुरते कलावंत झालों असें जाणवतांच मेयरहोल्डनें स्टॅनिस्लाव्ह्स्कीला सोडलें होतें, एवढेंच तिनें त्यांत सुचविलें. शिष्य समजावयाचें तें समजला.

स्वतंत्र झाल्यावर त्यानें बसविलेल्या दोन नाटकांनीं त्याचा पुढचा मार्ग ठरविला. पहिलें १९२३ सालचें, ऑस्त्रोव्ह्स्कीची एक जुनी विनोदी नाटिका. आयझेन्स्टाइननें तिची सर्कस केली! प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवर चालणारा नट, विदूषक, कसरती, मधेंच दाखविलेला एक छोटा चित्रपट, आणि शेवटीं प्रेक्षकांच्या आसनांखालीं उडणारे फटाके. मूळ ग्रंथकार हें पाहण्यास हयात नव्हता, हें त्याचें भाग्यच. दुसरें नाटक 'गॅस मास्क्स', १९२४ सालचें. तें मॉस्कोंतील खऱ्याखुऱ्या गॅसच्या कारखान्यांत, खऱ्या यंत्रांच्या गर्दींत करावयाचें ठरलें. तेथें एक मोठी गंमत झाली. भोंवतालचीं अजस्र यंत्रें आणि तो उग्र वास यांपुढें नटांचें रंगविलेलें तोंड आणि पाठ केलेलें भाषण अगदींच खोटें दिसूं लागलें. थोड्याच प्रयोगांत नाटक बंद पडलें. खऱ्या वस्तूच दाखवावयाच्या असतील तर रंगमंच कशाला हवा, हा प्रश्न त्या कारखान्यानें त्याच्यापुढें टाकला, आणि त्याच वर्षीं त्यानें 'स्ट्राइक' हा आपला पहिला मूकपट हातीं घेतला.

त्यानंतर 'बॅटलशिप पोटेम्किन'. काळ्या समुद्रांतील आरमारी खलाशांच्या १९०५ सालच्या बंडाचें हें चित्र २१ डिसेंबर १९२५ रोजीं मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहांत प्रथम दाखविण्यांत आलें. दिग्दर्शकाचें वय सत्तावीस. ओडेसाच्या जिन्यावरील कत्तलीचा जो प्रसंग जगभर गाजला, तो त्या जिन्यावर तसा घडलेलाच नव्हता. गोळीबार झाला तो शहरांत इतरत्र. तरी आज तो जिना पाहणाऱ्याला तीच कत्तल आठवते. चित्रपट इतिहासावर कशी कुरघोडी करूं शकतो याचें याहून ठळक उदाहरण मला माहीत नाहीं.

त्याच्या कलेचें मर्म जोडणींत आहे. त्या अर्धवट शिकलेल्या जपानीनें येथें हात दिला. पाण्याचें चिन्ह आणि डोळ्याचें चिन्ह शेजारीं ठेवलें कीं 'रडणें' असा अर्थ होतो; तो ना पाण्यांत असतो ना डोळ्यांत. आपल्या व्याकरणांतील बहुव्रीहि समासासारखाच हा प्रकार: दोन पदें मिळून तिसऱ्याच वस्तूचा बोध. 'पोटेम्किन'मध्यें निजलेला, जागा झालेला आणि उठलेला असे दगडी सिंहांचे तीन वेगवेगळे पुतळे लागोपाठ दाखविले आहेत. पाहणाऱ्याला वाटतें, तोफेच्या आवाजानें दगडच खवळून उठला.

पुढें १९३० सालीं हॉलिवुडनें त्याला बोलाविलें आणि एकहि चित्र न करूं देतां वाटेस लावलें. मेक्सिकोंत त्यानें कित्येक महिने चित्रण केलें, पण पैसे पुरविणाऱ्या अप्टन सिंक्लेअरनें काम थांबविलें आणि ती फिल्म त्याच्या हातीं कधींच आली नाहीं. मायदेशीं 'बेझिन मेडो' हा बोलपट १९३७ सालीं सरकारनें मधेंच बंद पाडला. आयझेन्स्टाइननें आपल्या चुका कबूल करणारा लेख प्रसिद्ध केला. १९३८ च्या 'अलेक्झांडर नेव्ह्स्की'नें त्याची अब्रू परत मिळाली. बर्फावरील ती लढाई भर उन्हाळ्यांत, कृत्रिम बर्फ पसरून चित्रित केलेली आहे. पण हें चित्र जर्मनांविरुद्ध. ऑगस्ट १९३९ मध्यें हिटलरशीं करार होतांच तें गुंडाळून ठेवण्यांत आलें.

त्याच वर्षीं जून महिन्यांत मेयरहोल्डला अटक झाली. त्याचें थिएटर आदल्याच वर्षीं बंद करण्यांत आलें होतें. अटकेनंतर महिन्याच्या आंत राइख हिचा राहत्या घरीं भोसकून खून झाला. पासष्टीच्या त्या वृद्धाला मारहाण करून खोटा कबुलीजबाब घेतला गेला आणि २ फेब्रुवारी १९४० रोजीं त्याला गोळी घालण्यांत आली. घरच्यांना याचा पत्ता कित्येक वर्षें लागला नाहीं. त्याचें नांव छापणेंहि बंद झालें. त्याच सालच्या नोव्हेंबरांत, जर्मनीशीं असलेल्या मैत्रीच्या प्रीत्यर्थ, आयझेन्स्टाइननें बोल्शॉयमध्यें वॅग्नरचें 'वाल्किरी' बसविलें. आणि त्याचें पितृकुल ज्यू!

येथवरची हकीकत ऐकून हा मनुष्य वाकणाराच होता असें कोणी म्हणेल, तर त्यानें पुढचें ऐकावें. मेयरहोल्डचे कागद, म्हणजे तालमींचीं टिपणें, पत्रें, प्रयोगांच्या खुणा केलेल्या संहिता, त्याची सावत्र मुलगी तात्याना येसेनिना हिनें शहराबाहेरील घरीं लपवून ठेवले होते. युद्धाच्या धामधुमींत ते नष्ट होणार असें दिसतांच तिनें आयझेन्स्टाइनला गळ घातली. त्यानें ते सारे मॉस्कोजवळील क्रातोव्हो येथल्या आपल्या घरीं नेऊन ठेवले. देशद्रोही ठरलेल्या माणसाचे कागद घरांत सांपडणें म्हणजे काय, हें त्या वेळीं रशियांत कोणालाहि सांगावें लागत नव्हतें. 

'इव्हान द टेरिबल'च्या पहिल्या भागाला १९४६ सालीं स्टॅलिन पारितोषिक मिळालें. २ फेब्रुवारीला, त्या समारंभांत नाचतांनाच, त्याला हृदयविकाराचा झटका आला. गुरूला जाऊन त्या दिवशीं बरोबर सहा वर्षें झालीं होतीं. दुसऱ्या भागांत संशयानें पछाडलेला राजा आणि त्याचे काळ्या झग्यांतले शिपाई पाहून कोणाची आठवण यावी, हें क्रेमलिनमध्यें ओळखलें गेलें. चित्रावर बंदी आली. फेब्रुवारी १९४७ मध्यें स्टॅलिननें त्याला रात्रीं बोलावून घेतलें. राजा अगदीं हॅम्लेटसारखा चंचल झाला आहे अशी त्याची तक्रार होती. आयझेन्स्टाइननें दुरुस्तीचें आश्वासन दिलें. दुरुस्ती केली मात्र नाहीं. ११ फेब्रुवारी १९४८ रोजीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, तो वारला.

मेयरहोल्ड निर्दोष असल्याचें १९५५ सालीं जाहीर झालें आणि 'इव्हान'चा दुसरा भाग १९५८ सालीं लोकांना पाहावयास मिळाला. क्रातोव्होचे कागद तत्पूर्वींच मॉस्कोच्या सरकारी दप्तरखान्यांत जमा झाले होते. मेयरहोल्ड तालीम कशी घेई, कोठें थांबे, नटाला काय सांगे, हें जें आज आपल्याला ठाऊक आहे, त्यांतलें पुष्कळसें त्यांतून आलेलें आहे.