मायन्यापासून मथळ्यापर्यंत

६ जुलै १८९७ रोजी ‘केसरी’चा अंक निघाला तेव्हा रँडच्या मृत्यूला तीनच दिवस झाले होते. २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. मारेकरी सापडत नव्हते. अँग्लो-इंडियन पत्रे सगळ्या पुण्यावर ठपका ठेवत होती आणि जादा पोलिसांचा भुर्दंड शहरावर पडला होता. अशा दिवसांत टिळकांनी अग्रलेखाला मथळा दिला : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पुढच्या मंगळवारचा मथळा होता : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. शाळेत टिळकांवर निबंध लिहिलेल्या प्रत्येकाला हे दोन मथळे पाठ असतात. त्यांच्याखालचे लेख वाचलेली माणसे मात्र क्वचितच भेटतात. मीही पुष्कळ वर्षे न वाचणाऱ्यांतलाच होतो.

लेखाची सुरुवात कशी करावी, पहिल्याच वाक्यात वाचकाला कसे धरावे, हे आज लेखनाच्या शिबिरांत शिकवले जाते. प्रश्न टाका, धक्का द्या, एखादा प्रसंग सांगा, असा उपदेश असतो. उपदेश चुकीचा नाही, पण त्यात सुरुवात ही निव्वळ हातचलाखी ठरते. मराठी गद्याची जुनी पाने उलटताना मला वेगळेच जाणवत गेले. आरंभीच्या वाक्यावरून लेखकाच्या मनात समोर कोण बसले आहे, ते कळते. समोरचा माणूस बदलला की आरंभ बदलतो.

पेशवाईतल्या पत्रांना लक्ष वेधण्याची गरजच नव्हती. पत्र कोणाला जाणार हे ठाऊक असे आणि घेणारा ते वाचणारच हेही ठाऊक असे. म्हणून वर ‘श्री’, मग मायना : राजश्री, गोसावी, अखंडित लक्ष्मी अलंकृत, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मायन्यात नवेपणा नव्हता, पण त्याला अर्थ होता. लिहिणारा वडील की धाकटा, सेवक की स्नेही, हे त्या ठरावीक शब्दांतून मजकुराआधीच सांगून होई. मायन्यात एक पायरी चुकली तर खाली कितीही गोड लिहिले तरी व्यर्थ. बखरीचेही तसेच. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले ते राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, आणि ती आज्ञाच तो आरंभी मांडतो. धन्याने विचारले, सेवक सांगतो. ग्रंथकारांची रीत आणखी जुनी : आधी गणेश, शारदा, सद्गुरू, मग श्रोत्यांना विनवणी, मग विषय. कीर्तनकाराचा पूर्वरंगही श्रोता स्थिरावेपर्यंत त्याला हळूहळू आत घेतो. यांपैकी कोणालाही श्रोता उठून जाईल अशी धास्ती नव्हती, किंवा असली तरी ती पहिल्या वाक्यात दिसत नाही.

धास्ती आली ती छापखान्याबरोबर. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले. एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. आता वाचक अनोळखी होता आणि वर्गणीदार होता. त्याला कोणता मायना घालायचा? ‘दर्पण’ने पहिल्या अंकात आपण का निघालो याचा खुलासा केला. पुढे कित्येक वर्षे मराठी पत्रे आणि मासिके याच थाटात सुरू होत राहिली. मंगलाचरणाची जागा उद्देशाच्या निवेदनाने घेतली. अर्ध्या शतकाहून अधिक काळ उलटल्यावर आगरकरांनाही ‘सुधारक काढण्याचा हेतू’ लिहावासा वाटला.

लोकहितवादींनी या अडचणीतून सोपी वाट काढली. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी जे लिहिले ते पत्र म्हणून लिहिले. नावाने ‘शतपत्रे’, मोजली तर एकशे आठ. पत्राचा घाट ठेवला, मायन्याचा पसारा टाकला. दोन-तीन वाक्यांत विषय, लगेच आरोप. त्यांचा वाचक मुंबई-पुण्याचा शिकलेला, बहुधा ब्राह्मण, म्हणजे ज्याच्यावर आरोप त्याच्याच घरी पत्र. पाल्हाळ न लावण्याचे हे धैर्य मला पुढच्या कित्येक भारदस्त निबंधांपेक्षा जास्त आवडते.

भारदस्तपणा आला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर. जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि सुमारे सात वर्षे जवळजवळ एकहाती चालली. मेकॉले आणि जॉन्सन त्यांच्या बोटांत होते. शास्त्रीबुवा विषयाला थेट हात घालत नाहीत. आधी लांबून फेरा, एक सर्वसाधारण विधान, त्याला पोटवाक्ये, मग दृष्टान्त, आणि वाचक दमणार इतक्यात विषयाची वेस दिसते. आजच्या वाचकाला हे जड जाते, पण हा फेरा त्यांनी जाणूनबुजून घेतला, असे मला वाटते. मराठीत असे ऐसपैस, डौलदार वाक्य उभे राहू शकते हेच त्यांना दाखवायचे होते. इंग्रजी शिकून मराठीला नाक मुरडणारा पदवीधर त्यांच्यासमोर बसला होता. त्याच्यासाठी वाक्याची लांबी हाच युक्तिवाद होता.

त्याच सुमारास, त्याच पुण्यात, जोतीराव फुले अगदी वेगळ्या माणसासमोर बसले होते. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या उपोद्घातातल्या ओळी इथे उद्धृत करण्याची गरज नाही, महाराष्ट्रात त्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत. विद्या नसल्याने काय गेले, ते गेल्याने पुढचे काय गेले, अशी एकात एक अडकवलेली साखळी, आणि शेवटच्या कडीला शूद्रांची दैना. इतिहासकार आणि कार्यकर्ते या ओळींच्या आशयावर पुष्कळ लिहितात. बांधणीकडे मात्र थोडे लक्ष जाते. प्रत्येक ओळीचा शेवट पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा येतो. हे डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी नाही, कानाने धरून ठेवणाऱ्यासाठी आहे. असूडाचे भाग जोतीरावांनी लोकांपुढे वाचून दाखवले, बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवले. आरंभीचे काही भाग ‘दीनबंधू’त छापले गेले, पुढचे छापण्याचे तिथे टाळले गेले आणि जोतीराव त्यावर चिडले. पण तोवर साखळीचे काम झालेले होते. जो वाचू शकत नाही त्याने पहिले वाक्य ऐकून पाठ करावे आणि संध्याकाळी पारावर दुसऱ्याला म्हणून दाखवावे, एवढ्यासाठीच ते घडवले होते. मराठी गद्यातला याहून कसदार आरंभ मला ठाऊक नाही. आणि मौज अशी, की ती पद्यासारखी वाटते म्हणून निबंधाच्या इतिहासात तिला कोणी मोजत नाही.

आगरकरांनी आणखी एक गोष्ट केली : म्हणणे मथळ्यातच सांगून टाकले. ‘गुलामांचे राष्ट्र’, ‘आमचे काय होणार?’ हे तर आहेतच. पण ‘स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे’ हा मथळा म्हणजे उघडउघड निकाल आहे. तो वाचून संतापलेला माणूस खाली संतापाचे कारण शोधायला उतरतो, आणि तिथे त्याला आवाज न चढवणारा, मुद्द्याला मुद्दा जोडणारा लेख भेटतो.

टिळकांचे मथळे याच शाळेतले, पण त्यांना गर्दीची ओळख जास्त. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, अशी ‘केसरी’ वाचण्याची पद्धत गावोगाव होती. मथळा वाचणाऱ्याने पुकारायचा असे. ‘डोके ठिकाणावर आहे काय?’ हा घरातल्या भांडणात रोज ऐकू येणारा प्रश्न त्यांनी थेट सरकारला घातला. मोठ्याने म्हणून पाहिला की त्याची ताकद कळते. कैदेतून सुटून पुन्हा संपादकपद घेतल्यावर ४ जुलै १८९९ रोजी त्यांनी मथळा दिला : ‘पुनश्च हरिः ॐ!’ पठणाच्या आरंभीचे जुने उच्चारण, आता अग्रलेखाच्या डोक्यावर. मायना आणि मंगलाचरण गेले असे आपण म्हणतो. ते गेले नव्हते, वरच्या मजल्यावर राहायला गेले होते.

ती कैद कशामुळे झाली, ते पाहिले की मथळ्यांविषयी आपले मत थोडे बदलते. १८९७ चा राजद्रोहाचा खटला ‘सरकारचे डोके’वर चालला नाही. त्याचा आधार होता १५ जूनचा, म्हणजे रँडवर गोळ्या झाडल्या जाण्याच्या आठवडाभर आधीचा अंक : शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवाजी उत्सवातल्या व्याख्यानांचा वृत्तान्त. कर्कश मथळा वाचला, शांत मजकूर सापडला. न्यायमूर्ती स्ट्रेचींनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. या व्याख्येपुढे वाक्य चढ्या आवाजात आहे की हळू, याला किंमत उरली नाही. अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

१९०८ मध्ये हे आणखी स्पष्ट झाले. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर १२ मेच्या ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आला, ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. पहिल्याचा आरंभ खेदाचा आहे : स्वभावतः शांतताप्रिय असलेला हा देश रशियाच्या वाटेने जाऊ लागला, याचे दुःख. दुसऱ्याच्या आरंभी दडपशाहीचे भूत सरकारच्या अंगात अधूनमधून संचारते, ही प्रतिमा आहे. कोकणातल्या कोणत्याही माणसाला ती ऐकताच हसू येईल. हायकोर्टात मात्र लेख पोहोचले ते सरकारी भाषांतरातून. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि यांना मराठी येत नाही, ही टिळकांची तक्रार होती. न्यायासनावर दिनशा दावर होते. १८९७ मध्ये याच दावरांनी टिळकांच्या जामिनाचा अर्ज चालवला होता.

टिळक स्वतःच्या बचावासाठी एकूण एकवीस तास दहा मिनिटे बोलले. त्यातला बराच वेळ शब्दांत गेला : हा मराठी शब्द असा नाही, त्याला इंग्रजीत दिलेली धार मुळात नाही, लेख सुटा वाचू नका, ज्या पत्रांना तो उत्तर देतो तीही वाचा. ज्या माणसाने आयुष्यभर आपला वाचक पहिल्या ओळीत पकडला, तो आता न वाचणाऱ्या नऊ जणांना पहिल्या ओळीचा अर्थ समजावत होता. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड झाला.