परीक्षा होणार की नाही?

इतिहास म्हटलं की आपण थेट किल्ल्यावर जातो. आजचा इतिहास मात्र आपल्याच मोबाईलमधला आहे.

मार्च 2020. कॉलेजं बंद झाली आणि नगरमध्ये रूम करून राहणारी पोरं पाथर्डी, शेवगाव, अकोले तालुक्यांत आपापल्या गावी परतली. पंधरा दिवसांत येऊच म्हणून पुस्तकं रूमवरच राहिली.

मग शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा घोळ. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं, परीक्षा नाही. 6 जुलैला यूजीसी म्हणाली, घ्यावीच लागेल. 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पुढे ढकला, पण परीक्षेशिवाय पदवी नाही.

मी तेव्हा शेवटच्याच वर्षाला. खरं सांगू? कोरोनापेक्षा या 'होणार की नाही'ची धास्ती जास्त होती. झोप पार उडालेली. अभ्यास करावा तर वाया जाईल, नाही करावा तर मन खायचं. घरी काय सांगणार? लॉकडाऊनमध्ये दुधाचे भाव कोसळलेले, वडील त्याच विवंचनेत.

ऑक्टोबरमध्ये पुणे विद्यापीठाने ऑनलाइन पेपर घेतले, पर्याय निवडायचे. आमच्यातला एक जण रेंजसाठी रोज टेकडीवर जायचा. पेपर संपले तरी जातच राहिला. रेंजसाठी नव्हेच, रडायला, हे त्याने मला पार 2023 मध्ये सांगितलं.