अपोलो

अपोलो : ग्रीक पुराणकथांतील एक प्रमुख देव आणि त्यावरून रूढ झालेले विशेषनाम. झ्यूस व लीटो यांचा हा पुत्र, आर्टेमिसचा जुळा भाऊ. भविष्यकथन, संगीत व धनुर्विद्या यांचा तो अधिपती. रोगराई धाडणारा तोच आणि ती निवारणाराही तोच. सूर्याशी त्याचे ऐक्य मागाहून मानले गेले. नावाची व्युत्पत्ती ग्रीकमध्येही अनिश्चित आहे. 1969 मध्ये मानव चंद्रावर उतरला, तो याच नावाच्या मोहिमेतून.

पश्चिम भारतात हे नाव प्रथम नाण्यांवरून आले. अपोलोडोटस (‘अपोलोने दिलेला’) या इंडो-ग्रीक राजाची नाणी इ. स. पहिल्या शतकात भडोचच्या बाजारात चालत असल्याचे पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे.

मुंबईच्या अपोलो बंदराचा मात्र या देवाशी काहीही संबंध नाही. ऑंजियरच्या करारात (1672–74) हे नाव ‘पोलो’, तर 1743 मध्ये ‘पॅलो’ असे आढळते. मूळ शब्द ‘पालव’ किंवा ‘पालवा’ असावा. काहींच्या मते त्याचा अर्थ लढाऊ गलबत, तर काहींच्या मते पालवी. अर्थाविषयी मतभेद असले, तरी शब्द देशी आहे हे उघड दिसते. इंग्रजांनी त्याला आपल्या ओळखीच्या ग्रीक नावाचे रूप दिले; पुढे कोटाचा दरवाजा व रस्ताही त्याच नावाचे झाले. बंदराला अधिकृतपणे दिलेले ‘वेलिंग्टन पिअर’ हे नाव लोकांनी स्वीकारले नाही. बहुधा अपभ्रष्ट का होईना, जुनेच नाव त्यांच्या तोंडी बसले होते.

असाच प्रश्न महाड परिसरातही उद्‌भवतो. पेरिप्लसमध्ये चौलच्या दक्षिणेस ‘पालैपाटमाई’ हे बंदर येते. त्याचा पूर्वभाग ग्रीक वाचकास ‘जुने’ या अर्थाच्या शब्दासारखा भासतो. काही अभ्यासकांना मात्र त्यात पाले हे गाव दिसते. सावित्रीकाठच्या दासगाव बंदरातून महाडकडे जाताना हे गाव लागते. दाभोळ हा दुसरा पर्यायही सुचविला गेला आहे आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावरील बंदर म्हणून तो अधिक सोयीचा वाटतो. पाल्याच्या डोंगरातील गांधारपाले लेण्यांत कुमार काणभोज विष्णुपालित याचा ब्राह्मी लेख आहे. त्यावरून येथील वस्तीचे प्राचीनत्व सिद्ध होते, बंदराचे नाव नव्हे.