नांगराची निशाणी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की घरोघरी माळे झाडले जातात. वर्षभर अंधारात पडलेल्या वस्तू अंगणात येतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लागते, मोडका पाळणा 'असू द्या' म्हणून पुन्हा वर चढतो, आणि कागदांचे गाठोडे तेवढे रद्दीवाल्याच्या तागडीत जाते. त्यात काय होते, हे कोणी पाहत नाही. मोडी वाचणारे घरात कोणी उरलेले नसते आणि फराळाच्या गडबडीत विचारायला सवडही नसते.

ह्याच जातीच्या कागदांसाठी आज मोठमोठ्या शहरांत लिलाव होतात. जुने नकाशे, छापील चित्रे, सनदा, रोखे, हुंड्या, जाहिराती, फार काय, आगपेटीवरची चित्रेसुद्धा हौशी लोक बोली चढवून घेतात. २०२५ साली रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणली, तेव्हा आपल्या सर्वांना आनंद झाला. तलवार घरी आली, हे खरेच. पण तलवार ज्यांच्या हातात कधी नव्हती, अशा हजारो घरांचा इतिहास कागदावरच आहे, आणि तो आजही शेराच्या नाही तर किलोच्या भावाने जातो.

मोठ्या लिलावाची रीत अशी. प्रत्येक वस्तूला किंवा गठ्ठ्याला एक क्रमांक देतात. आधी यादी छापतात. मालकाने मनाशी एक किमान किंमत धरलेली असते, ती गुप्त राहते. बोली चढत जाते, हातोडा पडतो आणि घेणाऱ्याला बोलीच्या वर लिलाव करणाऱ्यांची दलालीही द्यावी लागते. जाणता गिऱ्हाईक आधी कागद उजेडावर धरतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला नकाशा असेल, तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो. शिळाप्रेसवर छापलेल्याला तो लागत नाही. १७८२ साली रेनेलने छापलेल्या हिंदुस्थानच्या नकाशाची प्रत म्हणून कोणी सपाट कागद पुढे केला, तर तो हसून परत करतो.

माझा अनुभव मात्र असल्या हातोड्याच्या लिलावाचा नव्हे. मोरगावहून कऱ्हेच्या काठाने काही कोस गेले, की एका गावात एक जुना वाडा होता. घरात पूर्वी कुलकर्णीपण होते आणि जोडीला थोडी सावकारीही. वारसांची वाटणी झाली आणि वाड्यातल्या सामानाचा लिलाव पुकारला गेला. हंडे, समया, सागवानी खांब भराभर गेले. शेवटी एक पत्र्याची पेटी उरली. पुकारणारा म्हणाला, "आत कागद आहेत, पेटी चांगली आहे." भंगारवाल्याने पेटीच्या वजनावर बोली केली. पुण्याहून आलेल्या एका व्यापाऱ्याने ती वाढवली. माझ्या खिशात दिवाळीच्या खरेदीचे पैसे होते. आयुष्यात जुगार कधी खेळलो नाही, पण त्या दिवशी जीभ आवरली नाही, आणि पेटी माझ्या नावावर पडली. घरी आल्यावर मंडळींनी पेटीत डोकावून विचारले, "आता ह्या कागदांच्याच करंज्या तळायच्या का?" उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही.

पेटीत जुनी पंचांगे होती, पुण्याच्या चित्रशाळेने छापलेले रामपंचायतनाचे चित्र होते, फडक्याला चिकटवलेला सर्व्हे खात्याचा एक गावनकाशा होता, आणि तळाशी मोडीतले रोखे होते. नकाशा आणि रोखे एका पेटीत का असावेत, हे समजायला आमच्या मुलखाचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना पहिली काळजी पडली ती साऱ्याची. प्रिंगल ह्या अधिकाऱ्याने १८२७ नंतर जमिनी मोजून सारा बसवला. तो इतका जड झाला, की कुणबी रान टाकून जाऊ लागले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोघांनी नवी मोजणी हाती घेतली, आणि १८३६ साली नवे दर प्रथम लागू झाले ते आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात. पुढे सबंध मुंबई इलाख्यात हीच पद्धत गेली. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. जमिनीचा कस नऊ प्रतींत, १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत ठरवला, आणि सारा ३० वर्षे कायम केला. आज बोलण्यात आपण जे एकर-गुंठे वापरतो, ती ह्या साखळीचीच नातवंडे आहेत.

प्रत्येक रानाला नंबर मिळाला, हद्द मिळाली, नकाशावर घर मिळाले. सोयीची गोष्ट झाली, पण एका अर्थी घातही झाला. ज्या रानाला नंबर आहे, ते गहाण लिहायला सोपे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच ३० वर्षांची मुदत सरून सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांपुरताच चाले. कुळाला संरक्षण मिळावे, हा हेतू. झाले उलटे. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. पैसा एकदाच हातात आला, कागद मात्र विणाऱ्या म्हशीसारखा वाढत गेला.

१८७५ च्या १२ मे रोजी, ऐन उन्हाळ्यात, मोरगावजवळच्या सुप्याच्या बाजारात ह्या कागदांचा निकाल लागला. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, वह्या आणि रोखे बाहेर काढले आणि होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावर लिहिले तेवढेच खरे न मानता मागचा सारा हिशेब न्यायाधीशाने तपासावा, असे त्यात ठरले.

ह्या होळीच्या २३ वर्षे आधी, १८५२ च्या कायद्याने, इनाम कमिशनने घरोघर सनदा मागितल्या होत्या. ज्याला दाखवता आली नाही, त्याच्या इनामावर गदा आली. म्हणजे एकाच मुलखात, एकाच पिढीत, कोणाचे वतन गेले ते कागद नाही म्हणून, आणि कोणाचे रान गेले ते कागद आहे म्हणून. एकाने कागद देवघरात जपला, दुसऱ्याने तो चव्हाट्यावर जाळला. दोघांचेही बरोबर होते.

माझ्या पेटीतले रोखे त्या होळीतून सुटलेले. त्यातला एक १८७२ चा. मागल्या रोख्याची बाकी मुद्दलात धरली आहे, गहाणाला रानाचा नंबर लिहिला आहे, आणि सहीच्या जागी एक लहानसा नांगर काढला आहे. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची ही सही, नांगराची निशाणी. वरचे मोडी अक्षर पळत्या घोड्यासारखे, एका टाकात लिहिलेले. नांगराची रेघ मात्र थरथरलेली, मध्येच शाई साचलेली. मी तो नंबर नकाशावर शोधला. ओढ्याच्या वळणावर तो सापडला.

चार दिवसांनी तो पुण्याचा व्यापारी दारात उभा राहिला. त्याला फक्त नकाशा हवा होता. रंगीत हद्दी, फडक्याची पाठ, चौकटीत बसवला की दिवाणखान्यात शोभेल. पेटीच्या दुप्पट पैसे द्यायला तो तयार होता. "रोखे राहू द्या, त्यांना गिऱ्हाईक नाही," म्हणाला. दिवाळी दोन दिवसांवर होती, आणि माझे मन डळमळले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

असल्या व्यापारात काय होते, ते मी ऐकून होतो. ग्रिंडलेचे पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचे पुस्तक १८२६ पासून निघाले. असली पुस्तके उसवून एकेक चित्र वेगळे विकतात, कारण सुट्या पानांचे पैसे जास्त येतात. उलट उदाहरण गंगाराम तांबटाचे. सवाई माधवरावांच्या काळातला हा पुण्याचा चित्रकार. मॅलेट आणि वेल्स ह्या साहेबांसाठी त्याने चित्रे काढली. त्यातली बरीचशी आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. घरापासून दूर खरी, पण एकत्र राहिली, म्हणून त्या गुणी माणसाचे नाव आपल्याला कळले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवली, १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला. पारसनिसांनी मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर मिळवले, चित्रे आणि नकाशे जमवले. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. गेला तो दप्तरासकट गेला, हे महत्त्वाचे. नकाशा एका घरी आणि रोखा दुसऱ्या घरी गेला, तर नकाशा नुसते चित्र उरतो आणि रोखा नुसती रद्दी.

मी व्यापाऱ्याला चहा दिला आणि नाही म्हटले.

रोख्यातले आडनाव माझ्या वर्गातल्या एका मुलाचे होते. पाडव्याच्या दिवशी त्याच्या आजोबांना घरी बोलावले. नकाशा पसरला, रोखा वाचून दाखवला. म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरात 'ओढ्याकडचं रान' असं म्हनत्यात. पाऊस झाला का, म्हनायचं, ओढ्याकडच्या रानात पडला. पन असलं रान आमचं न्हाईच. मला वाटायचं, नुसती म्हन हाय."

"आबा, आता काय करू ह्या कागदाचं? तुमच्या वाडवडलांना तो जाळावासा वाटला असता."

त्यांनी नांगरावर बोट ठेवले. "त्यांनी जाळला असता ते बराबर. पन आता जाळू नका. आमच्या घरातल्या मानसानं कागदावर वढलेली हीच पयली रेघ."

पेटी जशीच्या तशी एका संशोधन संस्थेच्या हवाली करायचे मी ठरवले आहे. त्या पानाची छायाचित्रे काढून एक आबांना दिली. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. रामाच्या तसबिरीशेजारी ती टांगली आहे आणि खाली नातवाने बाळबोध अक्षरात पणजोबांच्या वडिलांचे नाव लिहिले आहे.

तेव्हा वाचकहो, ह्या दिवाळीत माळा झाडताना गाठोडे हाती लागले, तर एवढे करा. ते सोडून वेगवेगळे करू नका, चांगले चांगले निवडून बाकीचे फेकू नका. कोणाच्या घरातले, कोणत्या गावचे, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, आणि मोडी जाणणारा भेटेपर्यंत कोरड्या जागी ठेवा. त्यात सनद निघेल असे नाही. पण एखादा थरथरता नांगर निघाला, तरी तो कोणाच्या तरी घरचा आहे.